कचरा कार्बोरेटरमध्ये, ठपका शेतकऱ्यावर



कृषी खात्याचे शिबिर असो, बँकेचा मेळावा असो की यंत्र विकणाऱ्याचे प्रात्यक्षिक असो, एक वाक्य आपल्याला हमखास ऐकायला मिळते : "शेतकऱ्याला यंत्र सांभाळता येत नाही." फवारणीचा पावर पंप ऐन आषाढात सुरू झाला नाही, तर शेतकरी अडाणी. शेततळ्यावरचे पेट्रोल इंजिन दोन मिनिटे चालून बंद पडले, तर शेतकरी निष्काळजी. दोरी ओढून ओढून खांदा उतरला, तर शेतकऱ्याला तंत्र जमत नाही. बोलणारे साहेब गाडीत बसून निघून जातात आणि आपण पंपाकडे बघत बसतो.

आमचे म्हणणे सरळ आहे. बैलाच्या चालीवरून त्याच्या खुरातला खडा ओळखणारा माणूस, तिफणीच्या नळ्यातून दाणा सुटतो की नाही हे चालता चालता ताडणारी बाई, यांना पितळेच्या एका जेटमधला कचरा ओळखता येणार नाही, हे आम्ही मानत नाही. त्यांना ते कोणी दाखवले नाही. सुटा भाग तालुक्याला मिळत नाही. आणि पंपावर जे पेट्रोल मिळते त्यात काय बदल झाला, हे यंत्र विकताना कोणी सांगितले नाही. या तिन्ही गोष्टी शेतकऱ्याच्या हातातल्या नाहीत. तरी ठपका मात्र त्याच्यावर. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती हीच.

म्हणून या अंकात आम्ही दोन कामे एकत्र करतो आहोत. कार्बोरेटर घरी कसा साफ करायचा ते सांगतो आणि तो वारंवार का तुंबतो याचा जाब कोणाला विचारायचा तेही सांगतो. एक सोडून दुसरे केले तर काम अर्धेच राहील.

चार महिने पाठीवर, आठ महिने कोठ्यात

शहरातल्या माणसाची मोटारसायकल रोज चालते. टाकीतले पेट्रोल आठ दिवसांत संपते, नवे येते. कोरडवाहू शेतकऱ्याच्या इंजिनाचे तसे नाही. कपाशीवर तुडतुडे, पांढरी माशी, पुढे गुलाबी बोंडअळी, यांच्यासाठी पंप जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत पाठीवर. त्यानंतर तो कोठ्यात जातो तो थेट पुढच्या पावसाळ्यात बाहेर येतो. शेततळ्यावरचे इंजिन तर वर्षात पाचसहा दिवसच लागते. ऑगस्टमध्ये पावसाने ओढ दिली तर कपाशीला एक पाणी, रब्बीची ज्वारी पोटरीत आली की तिला एक पाणी. पण त्या पाचसहा दिवसांवर वर्षाचा हिशेब उभा असतो. त्या दिवशी इंजिन चालले तर कणीस भरते. नाही चालले तर कडब्यावर समाधान मानायचे.

आठ महिने वाटीत राहिलेले पेट्रोल तसेच राहत नाही. त्यातला हलका भाग उडून जातो. मागे राहते ते चिकट, पिवळसर, वार्निशासारखे. त्याचा पापुद्रा जेटच्या छिद्रात बसतो. हे इथेनॉल नसलेल्या जुन्या पेट्रोलनेही होत होते, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे कोणी आम्हाला खोटे पाडायला नको. पण आता त्यात भर पडली आहे. तिच्याकडे पुढे येऊ.

कार्बोरेटर म्हणजे पेट्रोलचे चाडे

कार्बोरेटर हा शब्द मोठा, काम मात्र आपल्या ओळखीचे. तिफणीवर चाडे असते. चाड्यात मुठीने दाणे सोडतात, छिद्रांतून ते नळ्यात उतरतात आणि सारख्या अंतराने जमिनीत पडतात. कार्बोरेटरची वाटी म्हणजे चाडे. वाटीत फ्लोट तरंगतो. पेट्रोल कमी झाले की तो खाली जातो, सुई उघडते, टाकीतून पेट्रोल येते. पुरेसे झाले की फ्लोट वर येतो आणि सुई वाट बंद करते. म्हणजे फ्लोट ही चाड्यावरची मूठ. वाटीच्या मध्यावर पितळेचा मेन जेट असतो, तो नळ्याचे तोंड. इंजिन हवा ओढते, त्या हवेच्या ओढीने जेटमधून पेट्रोल वर चढते, हवेत मिसळते आणि आत जाऊन जळते.

नळ्यात ओला चिखल अडकला तर काय होते? तास पुढे जाते, दाणा पडत नाही, आणि कळते ते आठ दिवसांनी, ओळीत खाडे दिसल्यावर. जेट तुंबला तरी तेच होते. हवा आत जाते, पेट्रोल जात नाही. फरक इतकाच की इंजिन लगेच सांगते.

ते काय सांगते ते ऐका. चोक लावल्यावर चालू होते आणि चोक काढला की मरते : पेट्रोल कमी पडते, जेट तुंबला आहे. रेस दिली की घुटमळते : तेच. कार्बोरेटरखालून पेट्रोल ठिबकते : सुईखाली कचरा अडकला, किंवा सुईचे टोक झिजले, किंवा फ्लोटमध्ये पेट्रोल शिरले. पन्नास वेळा दोरी ओढूनही प्लग कोरडाच : पेट्रोल पोचतच नाही. प्लग ओलाचिंब : पेट्रोल जास्त होते आहे किंवा ठिणगी पडत नाही.

या छिद्राचे मोलही समजून घ्या. लहान इंजिनाच्या मेन जेटचे छिद्र साधारण अर्ध्या ते पाऊण मिलिमीटरचे असते. समजा ते ०.६ मिलिमीटर आहे. पापुद्रा बसून ते ०.५ झाले, तर वाट जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने कमी होते. उलट कोणी लोखंडी तार घालून ते ०.७ केले, तर वाट तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाढते, आणि इंजिन कायमचे पेट्रोल पिऊ लागते. तार घालून 'साफ' केलेला जेट हा मिस्त्रीचा नव्हे, पेट्रोल विकणाऱ्याचा फायदा आहे.

पेट्रोल बदलले, शेतकऱ्याला सांगितले कोणी?

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम देशात २००३ मध्ये ५ टक्क्यांनी सुरू झाला. पहिल्या नऊ राज्यांत महाराष्ट्र होता. २०१८ चे जैवइंधन धोरण आले. १० टक्क्यांचा टप्पा जून २०२२ मध्ये गाठला. २० टक्के मिश्रणाच्या पेट्रोलची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांचे उद्दिष्ट पूर्ण झाल्याचे सरकारने जाहीर केले. आधी हे उद्दिष्ट २०३० चे होते. पाच वर्षे आधी काम झाले म्हणून पाठ थोपटून घेतली गेली.

आम्ही इथेनॉलच्या विरोधात नाही, हे स्पष्ट करतो. उसापासून, मक्यापासून, खराब झालेल्या धान्यापासून इंधन होत असेल आणि शेतमालाला एक गिऱ्हाईक वाढत असेल, तर ते कोणत्याही शेतकऱ्याला नको असणार नाही. गोड ज्वारीच्या धांड्यापासून इथेनॉल करण्याचे काम फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने कित्येक वर्षांपूर्वी करून दाखवले आहे, आणि २०१८ च्या धोरणात गोड ज्वारीचे नावही आहे. पण नाव धोरणात आणि कारखाने उसाच्या पट्ट्यात, अशी गत आहे. कोरडवाहूच्या वाट्याला इथेनॉलचे दाम आले नाहीत. त्याच्या वाट्याला आला तो फक्त तुंबलेला कार्बोरेटर.

इथेनॉल लहान इंजिनाला काय करते, ते समजून घेऊ.

पहिले, इथेनॉल पाणी ओढते. पावसाळ्याच्या दमट हवेत अर्ध्या भरलेल्या टाकीत ते हवेतले पाणी शोषते. पाणी ठराविक मर्यादेपलीकडे गेले की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळे बसतात आणि वर नुसते पेट्रोल राहते. आता टाकीचा कॉक तळाशी आणि जेटही तळाशी, म्हणजे इंजिनाला आधी मिळते ते पाणी. दोन स्ट्रोकच्या पंपात तर वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. तळाच्या त्या पाण्यात तेल उतरत नाही. तेव्हा इंजिन चालले तरी कोरडे चालते.

दुसरे, ते पाणी अॅल्युमिनियमच्या आणि जस्ताच्या वाटीला खाते. वाटी उघडल्यावर तळाशी पांढरट भुकटी दिसते, ती हीच. शिवाय जुन्या पद्धतीचे रबर, पॅकिंग आणि पेट्रोलची नळी इथेनॉलने फुगते किंवा कडक होऊन तडकते. टाकीत वर्षानुवर्षे चिकटलेली घाण सुटते आणि जेटकडे निघते.

तिसरे, एक किलो पेट्रोल पुरते जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते, इथेनॉलला नऊ किलो. नव्या मोटारीत हा फरक यंत्र स्वतः ओळखते आणि जुळवून घेते. कार्बोरेटरला डोळे नाहीत. त्याचे छिद्र जेवढे तेवढेच. म्हणून जुन्या पेट्रोलसाठी बांधलेल्या इंजिनाला आता कमी अन्न मिळते आणि ते जास्त तापते.

निती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिले आहे की शून्य टक्क्यासाठी बांधलेल्या आणि १० टक्क्याला जुळवलेल्या गाड्यांची २० टक्क्यांवर इंधन-क्षमता कमी होते : चारचाकीची ६ ते ७ टक्के, दुचाकीची ३ ते ४ टक्के. हे आकडे चारचाकीचे आणि दुचाकीचे. पाठीवरच्या पंपाचा आणि शेततळ्यावरच्या इंजिनाचा आकडा कुठे आहे? ज्याच्यासाठी हिशेबच मांडला नाही, त्याला नुकसान झालेच नाही असे समजायचे, ही सरकारी गणिताची जुनी रीत आहे.

बाटलीची परीक्षा

आमच्या शब्दावर जाऊ नका. स्वतः पाहा. खुणा असलेल्या १०० मिलिलिटरच्या काचेच्या मापात १० मिलिलिटर पाणी घ्या. वर ९० मिलिलिटर पेट्रोल ओता. बूच लावून हळू हलवा, अधूनमधून बूच सैल करून वाफ सोडा, मग दहा मिनिटे ठेवून द्या. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात जाते. २० टक्के इथेनॉल असेल तर खालचा थर १० वरून २८ च्या आसपास चढतो. १० टक्के असेल तर १९ च्या आसपास. इथेनॉल नसेल तर १० वरच राहतो. ही प्रयोगशाळेची काटेकोर मोजणी नव्हे, पण पंपावर न लावलेली पाटी ती आपल्याला वाचून दाखवते. हे मोकळ्या जागेत करा, जवळ विडी, चूल, दिवा नको. वापरलेले पेट्रोल पुन्हा इंजिनात घालू नका आणि विहिरीजवळ ओतू नका.

हाताने करायचे काम

आधी दोष कार्बोरेटरचाच आहे का ते पाहा. टाकीच्या झाकणाला बारीक छिद्र असते. ते बुजले की पेट्रोल उतरत नाही. झाकण सैल केल्यावर इंजिन चालले, तर काही उघडायची गरज नाही, छिद्र साफ करा. टाकीतली जाळी पाहा. हवेचा फिल्टर पाहा. प्लगची ठिणगी पाहा, पण ती पेट्रोल सांडलेल्या जागी पाहू नका. हे सगळे ठीक असेल तरच कार्बोरेटरला हात लावा.

फवारणीचा पंप असेल तर तो आधी बाहेरून साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवा. त्याच्या अंगावर औषध असते. हातमोजे घाला. इंजिन थंड असू द्या. प्लगची टोपी काढून ठेवा. कॉक बंद करा. खाली परात किंवा पांढरे कापड ठेवा, म्हणजे हरवायला काही उरणार नाही. जो भाग निघेल तो त्याच क्रमाने ओळीत मांडा. मोबाइल असेल तर प्रत्येक पायरीला फोटो काढा.

१. वाटीच्या खालचा बोल्ट सोडा आणि वाटीतले पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. तळाशी वेगळा थेंब लोळताना दिसला तर ते पाणी आहे.

२. वाटी काढा. पॅकिंग जपून ठेवा. फुगले असेल तर नवे घाला, जुने ओढून बसवू नका.

३. फ्लोटची पिन सरळ बाहेर ओढा. फ्लोट आणि सुई एकत्र येतात. फ्लोट कानाशी हलवा, आत पेट्रोल खुळखुळले तर तो गेला. सुईच्या टोकाला गोल खाच पडली असेल तर सुई बदला.

४. मेन जेट सोडा. पितळ मऊ असते, म्हणून पेचकस बरोबर मापाचा हवा, नाहीतर खाच झिजते आणि जेट निघत नाही. जेट उजेडाकडे धरा. छिद्र गोल आणि स्वच्छ दिसले पाहिजे. त्याच्या वरच्या नळीला आडवी बारीक छिद्रे असतात, तीही पाहा. बहुतेक लोक ती विसरतात.

५. स्लोचा स्क्रू काढण्यापूर्वी तो हलक्या हाताने आत फिरवून किती फेरे होतात ते मोजा आणि भिंतीवर लिहून ठेवा. परत बसवताना तेवढेच फेरे बाहेर. जोर लावून आवळू नका, टोक मोडते.

६. रबराचे सगळे भाग बाजूला काढून बाकीचे भाग कार्बोरेटर क्लीनरने धुवा. छिद्रातून नायलॉन ब्रशचा एक केस फिरवा. लोखंडी तार, सुई, दाभण काही नको.

७. प्रत्येक वाटेतून हवा मारा. सायकलचा पंप चालतो, पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर असला तर उत्तम. डोळ्यांवर चष्मा ठेवा.

८. उलट क्रमाने जोडा. फ्लोट मोकळा हलतो ना, ते बोटाने पाहा. कॉक उघडा, पाच मिनिटे थांबा, ठिबकत नाही ना ते पाहा, मगच टोपी लावून दोरी ओढा.

पाठीवरच्या हलक्या पंपांपैकी बऱ्याच पंपांना वाटी आणि फ्लोट नसतो. त्यात पातळ पडदा असतो आणि खाली दाबायचा रबरी फुगा असतो. पडदा कडक झाला, सुरकुतला, की तो धुऊन उपयोग नाही, बदलावाच लागतो. पडदा आत असताना कॉम्प्रेसरची हवा मारू नका, फाटतो.

आणि हे सगळे काम वाचवायचे असेल तर शेवटच्या फवारणीनंतर पंधरा मिनिटे द्या. टाकी रिकामी करा. इंजिन चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे वाटी रिकामी होते. वाटीचा तळाचा स्क्रू सोडून उरलेले थेंब काढा. प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून दोरी दोनदा हळू ओढा. मिसळलेले पेट्रोल महिन्याहून जास्त ठेवू नका. तेल किती, ते इंजिनाच्या पुस्तकाप्रमाणे : पंचवीसला एक असेल तर लिटरला ४० मिलिलिटर, पन्नासला एक असेल तर २० मिलिलिटर. अंदाजाने टोपणभर ओतणे बंद करा.

तोंडाने फुंकू नका

एक गोष्ट मोठ्या अक्षरात लिहावी अशी आहे. जेट असो की फवाऱ्याचा नोझल, तोंडाने फुंकू नका, तोंडाने ओढू नका. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो दवाखान्यात गेले. तेव्हाही पहिले उत्तर काय आले? मोजे घातले नाहीत, मास्क लावला नाही, वाऱ्याच्या दिशेला तोंड केले. म्हणजे मेला त्याचाच दोष.

मोजे घाला, मास्क लावा, हे आम्हीही सांगतो. पण ऑक्टोबरच्या उन्हात, माणसापेक्षा उंच कपाशीत, बंद पडणारा पंप पाठीवर घेऊन जो उभा आहे, त्याला विचारा. पंप मध्येच मरतो, तो औषधाने भिजलेल्या हाताने तिथेच उघडतो, नोझल तोंडाशी नेतो. चांगला चालणारा पंप हे फवारणीतले पहिले संरक्षण आहे. म्हणून कार्बोरेटर साफ ठेवणे हा पैशाचा प्रश्न आहेच, पण तो जिवाचाही प्रश्न आहे. औषधाला पाणी आणून देणाऱ्या बाईच्या जिवाचाही.

अनुदान यंत्राला, यंत्र चालण्याला नाही

कृषी यांत्रिकीकरणाचे केंद्राचे उपअभियान २०१४-१५ पासून चालू आहे. यंत्रावर साधारण ४० ते ५० टक्के अनुदान मिळते. अर्ज ऑनलाइन, कागद ऑनलाइन, यंत्राशेजारी शेतकऱ्याचा फोटो. फोटो निघाला की सरकारचे काम संपले. किती यंत्रे वाटली याचा आकडा दरवर्षी छापून येतो. त्यांतली दोन वर्षांनी किती चालतात, हा आकडा कोणी मोजला? यंत्र वाटणे हा कार्यक्रम झाला. यंत्र चालणे हा शेतकऱ्याचा खासगी प्रश्न.

ज्या यंत्रावर जनतेचा पैसा खर्च होतो त्याचे पुस्तक इंग्रजीत किंवा चिनीत असते. कोणता जेट, कोणत्या मापाचा, कुठे मिळतो, याचा पत्ता नसतो. दुकानदार म्हणतो, जेट सुटा येत नाही, अख्खा कार्बोरेटर घ्या. चिमटीत मावणाऱ्या पितळेसाठी अख्खा कार्बोरेटर! बैलाची वेसण तुटली म्हणून कोणी बैल बदलतो का?

केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. चार क्षेत्रे ठरवली आणि त्यात शेतीची अवजारे आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये पोर्टलही उघडले. चांगली गोष्ट. पण पोर्टलमधून जेट बाहेर पडत नाही. तालुक्याच्या दुकानात फळीवर जेट दिसेल तेव्हा आम्ही त्याला हक्क म्हणू.

"हे मिस्त्रीचे काम आहे"

काही जण म्हणतील, शेतकऱ्याने शेती करावी, इंजिन मिस्त्रीवर सोडावे. आम्ही मिस्त्रीच्या विरोधात नाही. गावचा मिस्त्री आपलाच पोर आहे, कोरडवाहू शेतीत भागत नाही म्हणून पाना हातात घेतलेला. पण जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सगळ्या गावचे पंप एकाच वेळी बंद पडतात आणि मिस्त्री एकच असतो. अळी त्याच्या वेळेसाठी थांबत नाही. शिवाय ज्याला आत काय आहे हे माहीत आहे, त्याला कोणी फसवू शकत नाही. ज्याने जेट स्वतः पाहिला त्याला "इंजिन पूर्ण उतरवावे लागेल" असे सांगायची कोणाची हिंमत होत नाही.

कोणी म्हणेल, एवढ्याशा जेटसाठी एवढा आरडाओरडा कशाला? ज्या वर्षी, म्हणजे ऑगस्ट २०२५ मध्ये, परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढून टाकले आणि ती सूट डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली, त्या वर्षी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये होता आणि मालदांडी ज्वारीचा ३,७४९. भावात कोणाचा हात आहे ते आपण जाणतो. खर्चातही असाच हात न सांगता घातला जातो. बदललेले पेट्रोल, न मिळणारा भाग, बुडालेले चार दिवस, हे सगळे आपल्याच खर्चात जमा होते आणि कोणत्याही भावाच्या हिशेबात धरले जात नाही.

मागण्या

१. प्रत्येक पेट्रोल पंपावर इथेनॉल किती टक्के, हे मोठ्या मराठी अक्षरांत लिहावे. कमी मिश्रणाच्या पेट्रोलची निवड खेड्यातही मिळावी.

२. अनुदानात बसणाऱ्या प्रत्येक पेट्रोल यंत्रावर, ते किती टक्के मिश्रणाला चालते, याचा कायम शिक्का असावा. ज्याच्यावर शिक्का नाही त्याला अनुदान नाही.

३. यंत्रासोबत चित्रांचे मराठी पुस्तक द्यावे. जेट, सुई, पडदा आणि पॅकिंगचा एक संच अनुदानाच्या किमतीतच असावा आणि हे भाग तालुक्याला सुटे मिळावेत.

४. जुन्या इंजिनांना नव्या पेट्रोलला टिकणारी नळी आणि पॅकिंग देण्याचा खर्च हे धोरण आणणाऱ्यांनी करावा, पाळणाऱ्यांनी नव्हे.

५. दुरुस्तीचा हक्क कायद्यात यावा आणि त्यात शेतीची अवजारे पहिली असावीत.

मागण्या मान्य होईपर्यंत हात जोडून बसायचे नाही. यंत्र घेताना पक्के बिल घ्या आणि जपून ठेवा. यंत्र सदोष निघाले तर जिल्हा ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मालासाठी तिथे तक्रारीला फी नाही आणि पोटासाठी स्वतः वापरलेले यंत्र असेल तर २०१९ च्या कायद्याने आपण ग्राहकच आहोत. १९१५ या क्रमांकावर फोनवरही तक्रार देता येते.

जिल्हा मेळाव्याला येताना प्रत्येक गावाने तीन वस्तू आणाव्यात : बंद पडलेला एक पंप, आपल्या भागातल्या पंपावरचे थोडे पेट्रोल घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात, आणि त्या यंत्राचे बिल. पंप मांडवाबाहेर मोकळ्या जागेत आपणच उघडू. पेट्रोलची परीक्षा सगळ्यांसमोर करू. बिलांची यादी करू आणि कोणते यंत्र किती महिन्यांत बंद पडले हे गावानिशी लिहून कृषी अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवू. त्यांनी जो आकडा मोजला नाही तो आपण मोजू. मग पुन्हा कोणी म्हणाले की शेतकऱ्याला यंत्र सांभाळता येत नाही, तर त्याच्या हातात एक पेचकस द्या आणि म्हणा : साहेब, जेट काढून दाखवा.